पावतीपुस्तक घेऊन फिरलेले गुरुजी आणि बाई : तुमचे अनुभव लिहा

आयुष्यभर शिकवलं, भरपूर फिरले, निवृत्तीनंतरही घरी बसले नाहीत, आणि जातील तिथे कुठल्या ना कुठल्या कामासाठी वर्गणी मागत राहिले. असे शिक्षक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. त्यांच्याबद्दल लिहा. गावाचं नाव चालेल, माणसाचं नको. ही मंडळी स्वतःचं नाव छापून आलं की रागावतात.

सुरुवात धोंडो केशव कर्व्यांपासून करते. 1958 साली, शंभरीत भारतरत्न मिळालं, हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्यांची पायपीट जास्त भावते. मुरूडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी मित्रांबरोबर घाट चढून चालत साताऱ्याला गेला आणि ‘सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून परीक्षेला न बसताच परत आला. पुढे 1891 ते 1914 फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. विधवांसाठी काढलेला आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला हलल्यावर कॉलेज आटोपून चिखलातून, काट्यांतून तिकडे चालत जायचे. आणि 1929 मध्ये, लोक काशीयात्रा उरकून ओसरीवर टेकतात त्या वयात, म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी, बोटीत बसले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर, अमेरिका, जपान. परत आले ते 1930 संपायच्या आत पुन्हा निघाले, या वेळी आफ्रिकेला. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. सगळीकडे काम एकच, त्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाची माहिती सांगायची आणि मदत मागायची. याला सहल म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

कोथरूडहून

माझी आजी हिंगण्याला शिकली आणि पुढे शिक्षिका झाली. अण्णांबद्दल, म्हणजे कर्व्यांबद्दल, सगळे बोलतात, पण आजीच्या तोंडी सतत नाव असायचं ते पार्वतीबाई आठवल्यांचं. अण्णांच्या पत्नी बाया कर्वे यांची ही बहीण, देवरुखकडची. ऐन विशीत वैधव्य आलं, पदरात मुलगा. शिक्षण सुरू झालं ते त्यानंतर. आश्रमासाठी गावोगाव व्याख्यानं देत पैसे जमवायच्या. 1918 मध्ये, जवळजवळ पन्नाशीला आलेल्या असताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हतं, तेच शिकायला. पोटासाठी तिथल्या घरांमधून मोलकरणीचं काम केलं, 1920 मध्ये परतल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. आज मुलीला परदेशी पाठवताना आपण हॉस्टेल, विमा, सिमकार्ड काय काय बघतो!

आजीचा वाटा लहान. दिवाळीत संस्थेच्या भाऊबीज निधीसाठी घरोघर फिरायची. सुट्टी असल्यामुळे मी पिशवी धरायला. तिची शिस्त अशी की कुणी दार लावून घेतलं तरी पुढच्या वर्षी त्या दाराची बेल वाजवायचीच. ‘त्यांचा मूड वर्षभर तोच असेल कशावरून?’ म्हणायची. पाच रुपयांची पावती आणि पाचशेची पावती ती सारख्याच सावकाशीने लिहायची. मला तेव्हा भयंकर कंटाळा यायचा.

सातारा

आमच्याकडे पैसा नव्हता, त्यामुळे पावती धान्याची. कर्मवीर भाऊरावांनी 1919 मध्ये काल्याला रयतची सुरुवात केली. वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालायला मुष्टिफंड असायचा. बायांनी दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं. माझ्या पणजीचं गाडगं आईने पाहिलेलं होतं. एवढंच माहीत आहे, पण लिहावंसं वाटलं.

बीड जिल्हा, आता पुण्यात

आमचे गुरुजी जिल्हा परिषदेचे. बदल्यांमुळे जिल्ह्यातल्या निम्म्या वाड्यावस्त्या त्यांच्या पायाखालून गेलेल्या. पण त्यांचा खरा प्रवास निवृत्तीनंतर सुरू झाला.

आमच्याकडे दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळ्या ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडे साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. पोरंही जातात. लहान भावंडं सांभाळायला, वाढं गोळा करायला. शाळेच्या पटावर नाव राहतं, बाकावर पोरगं नसतं. गुरुजी एसटीचा पास घ्यायचे आणि थेट फडावर जायचे. सोबत जुनी हजेरीची वही. कोप्यांच्या रांगेत उभं राहून मोठ्याने हजेरी घ्यायचे! पोरं आतून ‘हजर’ म्हणत बाहेर यायची, आयाबाया हसायच्या. मग गुरुजी मुकादमाकडे वळायचे.

‘ही चार पोरं मी गावी नेतो. आजी आहे घरी.’

‘गुरुजी, आजीला कोण खायला घालणार?’

‘तू घालणार. किती लिहू?’

आणि पावतीपुस्तक काढायचे. मुकादमाकडूनच वर्गणी! मी स्वतः पाहिलेलं आहे, कारण त्या चारांतला एक मी होतो. मुकादमाने शिव्या दिल्या, मग दिले. सरकारची हंगामी वसतिगृहं नंतर आली. त्याआधी आमच्या गावात असं आज्यांच्या भरवशावर चाललं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गुरुजी आधी श्रीमंताकडे जात नसत. पहिली पावती एखाद्या तोडणी कामगाराची, दोन-तीन रुपयांची. मग ते पुस्तक दुकानदारासमोर उघडं ठेवायचं. वरचा आकडा पाहिल्यावर दुकानदार काय तोंडाने नाही म्हणणार? असं लाजवणं बरोबर का, यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत गुरुजींच्या बाजूने.

नाव-गाव नको

दुसरी बाजूही लिहा कुणीतरी, म्हणून मी लिहिते. माझे वडील असेच. गाव त्यांना देवमाणूस म्हणतं. आमच्या घरी फ्रिज सगळ्यात शेवटी आला, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं, आणि पेन्शनमधून दुसऱ्यांच्या फिया जायच्या. कर्व्यांनी स्वतःची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली, हे कौतुकाने सांगतात. ती देताना बायांच्या पोटात काय झालं असेल? पावतीपुस्तकात बायकोच्या नावाची पावती कधी कुणी फाडलीय का? वडील आता शहाण्णव वर्षांचे आहेत, मी त्यांच्यावर प्रेम करते, आणि राग गेलेला नाही.

(धागाकर्ती : हे लिहिलंत ते फार बरं झालं. इतरांनी कृपया समजूत घालायला जाऊ नये.)

डहाणू

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आमच्या भागात शाळाच पाड्यावर नेली. बोर्डीला अंगणवाडी, कोसबाडला विकासवाडी, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. त्यांच्या तालमीतल्या एका बाईंकडे मी शिकलो. बाईंचा प्रवास जास्तीत जास्त या पाड्यावरून त्या पाड्यावर, पण पायी, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून. यालाही फिरणं म्हणा.

ठाण्याहून

आमच्या सोसायटीतल्या बाई नव्वदीच्या पुढे आहेत. सम्राट हेले सेलासींच्या काळात इथिओपियाने भारतातून बरेच शिक्षक बोलावले होते, त्यात या आणि यांचे यजमान. डोंगराळ गावात गणित शिकवलं. 1974 मध्ये राजवट उलटल्यावर काही काळाने परत आल्या. अजून मूडमध्ये असल्या की आंद, हुलेत, सोस्त असे आकडे म्हणून दाखवतात. तिथला इंजेरा आपल्या आंबोळीसारखाच, फक्त ताटभर मोठा, असं त्यांचं म्हणणं.

परत आल्यावर त्यांनी इथल्या शाळेत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर स्टेशनजवळच्या वस्तीतल्या मुलींच्या फीसाठी वर्गणी सुरू केली, ती आजतागायत. गेल्या वर्षी आम्ही तरुण मंडळींनी त्यांना क्यूआर कोड छापून दिला. म्हटलं, बाई, आता जिने चढायला नकोत, लोक घरबसल्या पाठवतील. बाईंनी तो टीव्हीमागे ठेवून दिला. का विचारलं तर म्हणाल्या, ‘पैसे येतील रे, पण मला घरात कोण घेईल? पावती लिहायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात घरात कोण आहे, कामाला येणारी पोर किती वर्षांची आहे, शाळेच्या वेळेला ती इथे काय करते, सगळं दिसतं.’

गणपतीआधी बी विंगमध्ये अशीच एक मुलगी त्यांना दिसली. दुसऱ्या मजल्यावर. त्या घरातून या वर्षीची वर्गणी आलेली नाही, सेक्रेटरींकडे बाईंविरुद्ध तक्रार मात्र आली आहे. मुलगी पाचवीत बसली.