राजापूर तालुक्यातल्या खापरपणजोबांचा माग कसा काढायचा?

राजापूरकर_परळ: पणजोबा गोविंदा गिरणीत कामाला परळला आले, १९४० च्या आसपास मुंबईतच वारले. त्यांच्या वडिलांचं नाव विठू, गावही माहीत आहे. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर आडनाव टाकलं की शून्य. 'आपले अभिलेख' या जुन्या जमीन नोंदींच्या सरकारी साइटला सर्व्हे नंबर हवा, तो नाही. सुरुवात कुठून करू?

जुनंदप्तर: आडनावाने शोधणं आधी बंद करा. जुन्या नोंदीत ते बऱ्याचदा नसतंच. 'गोविंदा बिन विठू', म्हणजे विठूचा मुलगा गोविंदा, एवढंच असतं, बाईच्या नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. फॅमिलीसर्चवरच्या हिंदू तीर्थयात्रेच्या नोंदी म्हणजे मुख्यतः हरिद्वारकडच्या पंड्यांच्या वह्या. कोकणातल्या घराण्यासाठी त्यात वेळ घालवू नका.

सर्व्हे नंबर महाभूलेख या सरकारी सातबारा साइटवर काढा. जिल्हा, तालुका, गाव निवडून सातबारा नावानेही शोधता येतो. गावातल्या आजच्या चुलत भावाबंदांचं नाव टाका. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक दिसेल. वारसाच्या फेरफारात कोण कधी मयत आणि वारस कोण, हे लिहिलेलं असतं. त्या मयताचं नाव ज्या आधीच्या फेरफाराने लागलं तो काढा, असं एकेक पिढी मागे जा. जमिनींचं एकत्रीकरण (तुकडे जोडून गट) झालेल्या गावात जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर वेगळे असतात, तिथे साखळी तुटते. मेळ भूमी अभिलेख कार्यालयात घालून मिळतो.

आणि गाव खोतीचं असेल, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या खोताकडे असेल, तर १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याआधी कब्जेदार म्हणून बऱ्याचदा खोताचंच नाव सापडेल. घाबरू नका, तुमची माणसं कुळाच्या, म्हणजे जमीन कसणाऱ्याच्या, नोंदीत असतील.

वॉर्डऑफिस: मुंबईतला मृत्यू राहत्या पत्त्यावर नाही, जिथे घडला तिथे नोंदतात. वरळीला राहणारा माणूस केईएममध्ये वारला तर एफ दक्षिण वॉर्डात चौकशी करा. नेमकी तारीख नसेल तर निदान दोन-तीन वर्षांचा टप्पा सांगा, नाहीतर रजिस्टर कोणी उघडणार नाही. आजोबा इथे शाळेत गेले असतील तर शाळेचं जनरल रजिस्टरही बघा, जन्मगाव त्यात असतं.

राजापूरकर_परळ: नावाने सातबारा मिळाला, आभार. कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, ऑनलाइन आहे का? आणि मोडी असेल तर?

मोडीपाटी: ऑनलाइन आहे की नाही हे गावागावावर अवलंबून आहे. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात 'गाव नमुना १४' म्हणून अर्ज करा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव. म्हणून गोविंदाला नाही, विठूला शोधा. एका गावात चार विठू निघतात. जात, वाडी आणि सालाचा मेळ बसल्याशिवाय ऑनलाइन वंशावळीत कोणाला जोडू नका.

साल शकात असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यादरम्यानची नोंद असेल तर ७९. मोडी वाचणाऱ्याला नुसती कापलेली ओळ पाठवू नका. पूर्ण पान लागतं, कारण लिहिणाऱ्याचा हात आजूबाजूच्या नोंदींवरूनच कळतो.