चाळिशीनंतर तबला, आता प्रारंभिकची परीक्षा. कोणी दिलीये का?

नाशिककर_ताई:
नमस्कार मंडळी, वय ४६, बँकेत नोकरी, आधी संगीताचं काहीच शिक्षण नाही, भजनात टाळ धरायचे तेवढंच. गेल्या वर्षी तबला सुरू केला, फार आवडतोय, आणि आता सर म्हणतायत की नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व मंडळाची प्रारंभिक, म्हणजे सगळ्यात पहिली परीक्षा, देऊन टाका. तीनताल, दादरा, केरवा ठीक वाजतात, कायदाही (ठरावीक बोलांची, विस्तार करता येणारी रचना) सावकाश येतो. पण दहा मात्रांच्या झपतालाची दुगुन, म्हणजे एका मात्रेत दोन बोल, हातावर टाळी देऊन म्हणायला लागले की तिसऱ्या मात्रेलाच सगळं कोसळतं, तोंड एकीकडे आणि हात एकीकडे. दुसरं म्हणजे क्लासमधून परीक्षेला बसणारी बाकी सगळी तिसरी-चौथीतली मुलं आहेत, त्यांच्या रांगेत बसायचं थोडं दडपण येतंय. आणि गुडघे, जास्त वेळ मांडी घालून बसवत नाही. कोणी मोठेपणी ही परीक्षा दिली असेल तर प्लीज सांगा, तयारी कशी केली?

लयवेडा:
ताई, मी शिकवतो, माझ्याकडे रिटायर झालेले लोकही येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी झपताल. तीनतालाची दुगुन सोपी जाते कारण तिथे खंड, म्हणजे तालाचे भाग, चार-चार मात्रांचे, त्यामुळे पाचव्या मात्रेची टाळी पडते तेव्हा तोंडातही नवा खंड सुरू होतो. झपतालात दोन-तीन-दोन-तीन असे खंड, म्हणून दुगुनीत जोड्या होतात धीना, धीधी, नाती, नाधी, धीना. आता बघा, तिसऱ्या मात्रेवर टाळी आहे आणि तोंडात "नाती", म्हणजे अर्धा बोल मागच्या खंडाचा आणि अर्धा खालीचा (जिथे टाळीऐवजी हात उलटा दाखवतात तो भाग). तुमचं नेमकं तिथेच कोसळतंय ना? आणि सहाव्या मात्रेला हात खाली दाखवतो तेव्हा तोंडात समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासूनची, "धीना" येते. हे एकदा कागदावर दहा चौकोन पाडून प्रत्येकात जोडी लिहून बघा. मोठ्या माणसाला असं समजून घेता येतं हा फार मोठा फायदा आहे, लहान मुलं पाठ करतात आणि मध्ये अडकली की त्यांना पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मग तबला बाजूला ठेवा. आठवडाभर फक्त हातावर टाळी आणि तोंडाने बोल, तेही अगदी सावकाश, मेट्रोनोम साठच्या खाली लावून. एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) एकपट, लगेच दुगुनीत दोन आवर्तनं, परत एकपट. लय मात्र हातात राहिली पाहिजे, दुगुन म्हणताना हात पळायला लागला की ती दुगुन राहत नाही. परीक्षक बघतात ते हेच. वेगाला या पातळीवर फारसं महत्त्व नाही, बोल स्वच्छ हवेत आणि लय ढळायला नको. "ना" चाटेवर (कडेची पट्टी) आणि "तिं" लवेवर (चाट आणि काळ्या शाईमधला भाग) असा नीट वेगळा ऐकू आला पाहिजे, मोठ्यांच्या हातून हे दोन हमखास सारखे वाजतात कारण मनगट आखडलेलं असतं.

तोंडी प्रश्नांची भीती नको. मात्रा, लय, सम, टाळी, खाली, खंड, आवर्तन, ठेका यांच्या व्याख्या आणि तबल्याची अंगं, म्हणजे शाई, लव, चाट, गजरा, वादी, गठ्ठे. प्रत्येक गोष्टीला तबल्यावर बोट ठेवून मोठ्याने नाव घ्या, नुसतं वाचून राहत नाही. लेखी पेपर प्रवेशिका पूर्ण या पुढच्या परीक्षेला सुरू होतो, तोवर वेळ आहे. तेव्हा मात्र ताल लिहायची लिपी सांभाळा, पलुस्कर पद्धतीत अधिकचं चिन्ह खालीचं असतं आणि भातखंडे पद्धतीत गुणिलेचं चिन्ह समेचं, बरेच जण तिथे घोळ करतात.

कोथरूड_हार्मोनियम:
मी हार्मोनियमची दिलीये, पन्नाशीत. मुलांच्या रांगेचं म्हणाल तर ती मुलं स्वतःच्याच टेन्शनमध्ये असतात हो, एकीने तर मला विचारलं काकू तुम्हाला दुर्गा राग येतो का, मग आम्ही दोघींनी बाहेर बसून आरोह-अवरोह म्हणून घेतला. फार छान वाटलं मला. एक करा, परीक्षेआधी घरच्यांसमोर नाही तर अनोळखी माणसासमोर वाजवा, सोसायटीतलं कोणीही चालेल, कारण हात कापतात ते तिथे कळतं आणि तिथेच जरा कमी होतं.

सांजवेळ:
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. या वयात परीक्षा कशाला? अभ्यासक्रमाच्या मागे लागलं की माणूस तेच चार ठेके आणि एक कायदा घोटत बसतो, ऐकणं राहून जातं. मैफली ऐका, भजनाला साथ करा, आनंद घ्या.

लयवेडा:
@सांजवेळ ऐकण्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण विष्णू दिगंबर पलुस्करबुवांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते घराण्याबाहेरच्या साध्या माणसालाही क्रमाने शिकता यावं म्हणूनच ना? नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्याला तो क्रम आणि एक तारीख लागते, नाहीतर रियाज रोज उद्यावर जातो. आणि तेच चार ठेके घोटणं मला तरी वाईट वाटत नाही. भजनाच्या साथीला केरवा आणि दादराच लागतो, तो डगमगला तर गाणाऱ्याचे हाल होतात. म्हणून म्हणतो परीक्षा द्या, फक्त कायदा घाईने उरकू नका. "धाधा तिट धाधा तिंना" घेतलात तर पलट्यात (तेच बोल उलटसुलट फिरवताना) त्याच्याबाहेरचा बोल येऊ देऊ नका आणि खालीच्या भागात डाव्या हाताचा डग्गा बंद ठेवा, एवढं जमलं तरी कायदा समजला असं परीक्षकाला कळतं.

नाशिककर_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. चौकोन पाडून बघितलं, खरंच "नाती"वरच अडत होतं, आता सावकाश का होईना दोन आवर्तनं पूर्ण होतायत!! फॉर्म भरतेय. गुडघ्यांचं मात्र राहिलंच, उंच बसून वाजवलं तर चालतं का?

लयवेडा:
घरी खुशाल स्टँडवर ठेवून वाजवा, मनगटाची उंची तेवढी बदलू देऊ नका. परीक्षेसाठी सरांना सांगून केंद्रावर आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी नको. आणि मांडीच घालावी लागली तर खाली घडी केलेली चादर घ्या, कंबर थोडी वर आली की गुडघ्यावरचा ताण बराच उतरतो. स्वतःचा तबला नेणार असाल तर आदल्या दिवशीच सुरात लावून ठेवा आणि हातोडी पिशवीत असू द्या.