स्विचला रिमोट लॉगिन द्यावं की कन्सोल केबलच बरी?

सातपूरकर:
परवा रात्री अकराला सिन्नरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पॅकिंग लाइनचे संगणक नेटवर्कवरून गायब. पाऊस चालू, द्वारकेला नेहमीची कोंडी, पुढे नाशिकरोड, शिंदे, पळसे करत भिजत पोचलो. कुणीतरी टेबलाखालच्या पाच पोर्टाच्या डब्यात (छोटा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारं यंत्र) एकाच केबलची दोन्ही टोकं खोचली होती. लूप झाला (डेटा गोल-गोल फिरत राहतो), म्हणून मोठ्या स्विचच्या बीपीडीयू गार्डने (लूप ओळखणारी सोय) तो पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे आपोआप बंद केला. केबल उपटली, कन्सोल (लॅपटॉप थेट स्विचला जोडायची केबल) लावला, शट, नो शट (पोर्ट बंद, पोर्ट चालू). काम दोन मिनिटांचं, त्यापायी अर्धी रात्र गेली.

त्या स्विचला रिमोट लॉगिनच नाही. मालक म्हणतात, "बाहेरचा घुसेल." माझं म्हणणं, एसएसएच (कूटबद्ध रिमोट लॉगिन) नीट लावलं तर घाबरण्यासारखं काही नाही. व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खाजगी रस्ता) कारखान्याच्या नेटवर्कात शिरायचं आणि मग स्विचवर. थेट इंटरनेटवर उघडा ठेवा असं मी म्हणतच नाहीये. तुमचं काय मत?

अंबडचा जुना:
मालक बरोबर आहेत. आणि तुझंच उदाहरण घे ना भाऊ. घरून नो शट मारलं असतंस तर लूप तसाच होता, पोर्ट परत पडला असता. ती केबल कोण उपटणार होतं, एसएसएच?

आता माझा किस्सा. आमच्या एका पोराने घरून ट्रंकवर (दोन स्विच जोडणारी मुख्य तार) नवीन व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) टाकायला घेतला. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन'च्या पुढे 'ॲड' लिहायचा विसरला. जुनी यादी पुसली गेली, उरला एकटा नवा व्हीलॅन. त्याचं स्वतःचं लॉगिन त्याच ट्रंकवरून चाललं होतं, ते जागीच गोठलं. सोबत दोन विभाग बंद. शेवटी पहाटे मीच केबल घेऊन गेलो. समोर उभा असलेला माणूस एंटर दाबण्याआधी दोनदा बघतो. घरी पलंगावर बसलेला बघत नाही.

सातपूरकर:
काका, केबल उपटायला शिफ्टचा सुपरवायझर होता की! कुठला पोर्ट पडलाय हे मला आतून दिसलं असतं, तर फोनवरच सांगितलं असतं. तो बिचारा तासभर सगळे डबे बंद-चालू करत बसला होता.

आणि 'ॲड'चं म्हणाल तर आधी 'रीलोड इन १०' मारून ठेवायचं. अडकलो तर दहा मिनिटांनी स्विच आपणहून जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर (सेटिंगवर) उठतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल'.

अंबडचा जुना:
म्हणजे चालू लाइनवरचा अख्खा स्विच रीस्टार्ट! प्रॉडक्शनवाल्यांना हा उपाय जरा समोर जाऊन सांगून बघ.

कॉलेज रोड:
मला हा वादच कळत नाही. आतल्या नेटवर्कला टेलनेट (जुनं, साधं रिमोट लॉगिन) पुरतं. व्हीटीवायला (स्विचवरची रिमोट लॉगिनची लाइन) पासवर्ड टाका, संपलं. एसएसएचला होस्टनेम द्या, डोमेन नेम द्या, आरएसए की (कूटबद्ध करायची किल्ली) बनवा, युजर बनवा. चाळीस स्विचवर हे कोण करत बसणार? शिवाय जुन्या स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसएच नसतंच कधी कधी.

गंगापूर रोड:
आतलं नेटवर्क म्हणजे देवघर नव्हे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कुणीतरी तारेवरून जाणारे पासवर्ड टिपले होते. त्यावर उपाय म्हणून तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. तेही आतलंच नेटवर्क होतं. टेलनेटवर तुमचा पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जातो. ॲन्युअल मेंटेनन्सचा माणूस लॅपटॉप लावून बसला आणि त्याच्याकडे वायरशार्क (तारेवरचा डेटा वाचणारं सॉफ्टवेअर) असलं की झालं.

बरं, पासवर्डही लागतोच असं नाही. २०१७ मध्ये सिस्कोने स्वतः जाहीर केलं होतं, की त्यांच्या तीनशेहून जास्त स्विच मॉडेल्समध्ये टेलनेटमार्गे पासवर्डशिवाय ताबा मिळू शकतो. पॅच येईपर्यंत टेलनेट बंद ठेवा, एसएसएच वापरा, हाच सल्ला होता. चाळीस स्विचचं म्हणाल तर त्याच सात-आठ ओळी चाळीसदा पेस्ट करायच्या. एक दुपार.

फक्त की २०४८ बिटची घ्या. काही जुन्या स्विचवर नुसतं एंटर दाबलं तर ५१२ ची बनते आणि एसएसएचचं व्हर्जन २ चालत नाही. मग लोक म्हणतात एसएसएच बिघडलंय. व्हीटीवायवर 'लॉगिन लोकल' (स्विचवर बनवलेल्या युजरनेच लॉगिन) आणि 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' (फक्त एसएसएचलाच प्रवेश) हवंच, आणि ॲक्सेस-क्लास लावून ॲडमिनच्या दोन-तीन पत्त्यांपुरतंच लॉगिन उघडं ठेवा. हे शेवटचं नव्वद टक्के लोक करत नाहीत (आकडा माझ्या रागातून आलाय, मनावर घेऊ नका).

नवशिका, पंचवटी:
मध्येच विचारतो, माफ करा. मी व्हीलॅन १ ला आयपी दिला, एसएसएच लावलं. लॅबमधून लागतं, दुसऱ्या इमारतीतून लागत नाही. पिंगही नाही.

गंगापूर रोड:
'आयपी डिफॉल्ट-गेटवे' (दुसऱ्या नेटवर्कात जायच्या दाराचा पत्ता) टाकलास का? लेयर दोनचा स्विच, ज्याला दुसऱ्या नेटवर्कचा रस्ता स्वतः कळत नाही, उत्तर परत कुठून पाठवणार?

नवशिका, पंचवटी:
लागलं! धन्यवाद दादा.

अंबडचा जुना:
टेलनेटला माझाही विरोधच आहे, तिथे कॉलेज रोडवाले चुकतात. पण माझा मुद्दा तसाच आहे. एसएसएच कितीही पक्कं असो, पासवर्ड माणसंच वाटतात. एका ठिकाणी कंत्राटदार बदलून दोन वर्षं झाली, तरी जुन्याचा युजर प्रिव्हिलेज १५ (सगळे अधिकार) सकट जिवंत. मी हटवला तेव्हा मालकांनी विचारलं, "तो अजून होता?"

सातपूरकर:
हे मान्य. मालकांशी काल बोललो. ठरलं असं: एसएसएच फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनवर (स्विच सांभाळण्यापुरता वेगळा ठेवलेला), प्रत्येकाचा वेगळा युजर, आणि रिमोटवरून पोर्ट बघणं, शट, नो शट एवढंच. ट्रंकला हात लावायचा तर सिन्नरला जायचं.

अंबडचा जुना:
हे जमेल. आता व्हीपीएनचा पासवर्ड मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेला नाही ना, तेवढं आधी बघ.

सातपूरकर:
...बघतो काका.