भूवारसा असलेल्या उद्यानात पर्यटकांची वाट कशी आखावी?

खडकवाट (प्रश्न)
एका संरक्षित क्षेत्राच्या पर्यटन आराखड्याचा मसुदा तपासतो आहे. क्षेत्रात तीन ठिकाणं आहेत: चुन्याचे थर साचवत उतरणारा झरा, अश्मीभूत (दगड झालेल्या) लाकडाचे तुकडे विखुरलेला माळ (त्याच्या कडेला खडकावर प्राण्यांच्या जुन्या पाऊलखुणाही आहेत), आणि चुनखडीतली गुहा. मसुद्यात तिन्हींना एकच उपाय दिला आहे: कुंपण, फलक आणि रोजच्या पर्यटकांची कमाल संख्या. एवढ्यावर भागेल का? शिवाय दर्जा कोणता मागावा, राष्ट्रीय उद्यानाचा की जिओपार्कचा (भूवारसा, म्हणजे खडक-जीवाश्मांचा वारसा, जपत स्थानिकांनाही वाटा देणाऱ्या क्षेत्राला युनेस्को देते तो)?

अश्मक
भागणार नाही. तिन्ही ठिकाणं वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात, त्यामुळे उपायही वेगळे लागतील.

झऱ्याचं आधी सांगतो, कारण तिथे लोक खडक सांभाळत बसतात आणि पाणी विसरतात. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि शेवाळावर, काड्यांवर बसतो. थर असे वाढतात. वरच्या अंगाला सांडपाणी मुरलं की पाण्यातली पोषकद्रव्यं वाढतात, शैवाल माजतं आणि थर बसणं मंदावतं. म्हणून शौचालयं, उपाहारगृह आणि वाहनतळ झऱ्याच्या पाणलोटाबाहेर हवेत. मसुद्याच्या नकाशात आधी हेच तपासा. असेच चुन्याचे थर असलेल्या क्रोएशियातल्या प्लिटवित्से उद्यानात २००६ पासून पोहायला बंदी आहे, ती उगाच नाही.

वाट जमिनीपासून उचललेली ठेवा, पाणी खालून वाहू द्या. खांब जिवंत थरात रोवू नका. तुकडे नटबोल्टने जोडलेले, सुटे करता येतील असे हवेत, कारण असे झरे आपली धार बदलतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या मॅमथ हॉट स्प्रिंग्ज या गरम झऱ्यांवर फळ्यांच्या वाटेवरच चुना चढतो आणि वाट हलवावी लागते. काँक्रीट ओतलंत तर पाणी अडेल आणि खालचे थर कोरडे पडून भुगा होतील. कुजू नये म्हणून तांबं असलेलं परिरक्षक चोपडलेलं लाकूडही टाळा, तांबं पाण्यात उतरतं.

नाणी टाकण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडावी लागते. यलोस्टोनच्याच मॉर्निंग ग्लोरी या गरम पाण्याच्या कुंडात नाणी आणि कचरा पडून तळातून गरम पाणी येण्याची वाट चोंदली, पाण्याचं तापमान घटलं आणि कडेचे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव आत सरकले. मधला निळा भाग त्यामुळे आक्रसला.

जीवाश्मप्रेमी
माळाबद्दल. तिथला धोका पायांपेक्षा खिशांचा जास्त. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात फलकांच्या मजकुरावर प्रयोग झाला होता. वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून किती उचलले जातात ते मोजलं. 'पूर्वी अनेकांनी लाकूड नेलं, त्यामुळे उद्यानाचं रूप बदललं' अशा फलकाजवळ जवळपास ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' या साध्या विनंतीजवळ २ टक्क्यांहून कमी. सगळेच नेतात असं सांगितलं की नेणं नेहमीचं वाटतं. तेव्हा मसुद्यातला चोरीची आकडेवारी देणारा फलक काढून टाका.

पर्यटकांनी नेऊन नंतर परत केलेले तुकडे माळावर ठेवायचे नाहीत, हेही नियमात लिहा. तुकडा कुठल्या थरातला, कुठल्या जागेचा हे एकदा हरवलं की तो चुकीच्या जागी ठेवणं म्हणजे पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल. पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये परत आलेल्या दगडांचा वेगळा ढीगच आहे. त्यापेक्षा आताच वाटेलगतच्या प्रत्येक मोठ्या तुकड्याला क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश आणि मोजपट्टीसह फोटो अशी नोंद करून ठेवा.

खडकवाट
पाऊलखुणा दुपारी दिसतच नाहीत. मार्गदर्शक पाणी ओततात, खडूने कडा रंगवतात. हे चालेल?

जीवाश्मप्रेमी
दोन्ही बंद करा. पाणी भेगांत शिरतं, सुकताना क्षार वर आणतं आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. खडूचे कण खाचांत राहतात. पाऊलखुणा दिसायला तिरका प्रकाश लागतो, म्हणून त्या जागेच्या फेऱ्या सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवा. ढगाळ दिवशी जमिनीलगत आडवी धरलेली विजेरी पुरते. ठशांवर थेट प्लास्टर ओतून साचे काढायची परवानगी कुणालाही देऊ नका, उचलताना ठशाची कड निघून येते. फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करता येते. लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा.

गुहावाचक
गुहेला रोजचा एकूण आकडा पुरत नाही. एका वेळी किती जण, किती मिनिटं आणि दोन गटांत किती अंतर, हे तिन्ही ठरवावं लागतं. चालणारा माणूस १०० वॅटहून जास्त उष्णता सोडतो. ३० जणांचा गट म्हणजे आत फिरणारा तीन किलोवॅटचा हीटर. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने भिंतीवरचं दव आम्लधर्मी होतं आणि लवणस्तंभांना (ठिबकत्या पाण्यातून साचलेल्या चुन्याच्या खांबांना) चरे पाडतं. पुढचा गट सोडण्याआधी तापमान आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मूळ पातळीवर आले पाहिजेत.

आत लाकूड नको, बुरशी धरते. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंडही नको, ठिबकणाऱ्या पाण्यात जस्त उतरतं आणि गुहेतल्या जिवांना बाधतं. स्टेनलेस स्टील घ्या. वाटेच्या दोन्ही कडांना बुटकी कड बांधा म्हणजे कपड्यांचे तंतू आणि बुटांची धूळ वाटेवरच राहते आणि झाडता येते. अमेरिकेतल्या कार्ल्सबॅड गुहेत स्वयंसेवक हे तंतू हाताने वेचतात.

दिवे ओल्या भिंतीपासून दूर, गट असेल तेव्हाच पेटणारे. नाहीतर दिव्याभोवती शैवालाचा हिरवा थर धरतो. तो काढायला १५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, पण ते चुनखडीलाही खातं. म्हणून त्यात चुनखडीचे तुकडे किमान दहा तास आधी टाकून ठेवायचे. ही पायरी वगळली की हिरवा थर जातो आणि लवणस्तंभाची चकाकीही जाते.

सोयीसाठी गुहेला दुसरं तोंड पाडायचा विचार असेल तर सोडून द्या. दोन तोंडं झाली की वारा खेळतो आणि गुहा सुकते. कार्ल्सबॅडला उद्वाहकांसाठी (लिफ्टसाठी) खोदलेल्या विहिरींमुळे हेच झालं. तिथे हवाबंद दारं बसवावी लागली.

अश्मक
दर्जाबद्दल: हे दोन पर्याय एकमेकांच्या बदल्यात नाहीत. युनेस्को ग्लोबल जिओपार्क (हा कार्यक्रम नोव्हेंबर २०१५ चा) स्वतः कायदेशीर संरक्षण देत नाही. त्यातली महत्त्वाची भूस्थळं आधीच स्थानिक, प्रादेशिक किंवा राष्ट्रीय कायद्याखाली संरक्षित असावी लागतात. म्हणजे संरक्षण कायद्याने मिळवायचं, आणि आसपासच्या गावांना मार्गदर्शन, निवास, हस्तकला यांतून वाटा द्यायचा असेल तर जिओपार्कचा विचार. तिथे जीवाश्म आणि खनिजांच्या विक्रीत व्यवस्थापनाला भाग घेता येत नाही. दर ४ वर्षांनी फेरतपासणी होते. उणिवा आढळल्या तर पिवळं कार्ड आणि सुधारायला २ वर्षं, तरी सुधारणा नसेल तर लाल कार्ड, म्हणजे दर्जा जातो.

खडकवाट
कामाचा क्रम काय ठेवावा?

गुहावाचक
गुहेत तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रं आज बसवा, दार एक पूर्ण वर्षाने उघडा. पर्यटकांआधीचे आकडे नंतर मिळत नाहीत, आणि वर्षाच्या आत ऋतूंचा फरक कळत नाही. तेवढ्या वेळात झऱ्याच्या वरची शौचालयं हलवून होतील.