मदत हवी आहे: चीनमधल्या शियानला आईसोबत स्वतंत्रपणे फिरायचे आहे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन शियानला जायचे ठरते आहे. टूर कंपनीबरोबर नाही, आमचे आम्ही. टूरवाल्यांच्या चीन सहलीत शियान म्हणजे एक मुक्काम, जमिनीखाली सापडलेल्या मातीच्या (टेराकोटा) सैनिकांसमोर फोटो आणि लगेच पुढचे विमान. आम्हाला सगळे दिवस त्याच शहरात घालवायचे आहेत.

कारण आई. तिने वर्षानुवर्षे शाळेत इतिहास शिकवला. सातव्या शतकात चिनी बौद्ध भिक्षू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्याबद्दल आणि इथल्या मानी, उपकार न विसरणाऱ्या पण अपमानाचा सूड घेणाऱ्या लोकांबद्दल लिहून गेला, हे तिने किती मुलांना सांगितले असेल याला गणती नाही. भारतातून नेलेल्या पोथ्या घेऊन तो ६४५ साली ज्या राजधानीत परतला ती छांगआन म्हणजेच आजचे शियान. त्या पोथ्यांसाठी ६५२ साली बांधलेला पॅगोडा तिथे अजून उभा आहे. तो तिला डोळ्यांनी पाहायचा आहे, आणि गुडघे साथ देताहेत तोवर मला तिला न्यायचे आहे.

थोडा अभ्यास केला आहे. व्हिसा आधी काढावा लागणार हे कळले. यूट्यूबवर २४० तास व्हिसाशिवाय राहता येते असे सांगणारे खूप व्हिडिओ आहेत, पण त्या देशांच्या यादीत भारत नाही, तेव्हा कुणी त्या भरवशावर तिकिटे काढू नका. १ ते ७ ऑक्टोबर त्यांच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्या असतात, म्हणून ते दिवस टाळून मध्यावर जातो आहोत.

अडलेय ते पुढच्या गोष्टींवर. पैसे कसे द्यायचे? तिथे गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद असताना रस्ते शोधायचे कसे? आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. मातीच्या सैनिकांचे संग्रहालय शहराबाहेर आहे, तिथे आपले आपण जाता येते का? आणि पॅगोडात वर चढायला लिफ्ट आहे का?

ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शांघायकर:

ताई, जरूर जा. शांघायला नोकरीनिमित्त राहतो, शियान माझे आवडते शहर आहे.

पैशांचे काम भारतातच उरकून घ्या. अलीपे हे पैसे देण्याचे चिनी अ‍ॅप उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि तुमचे व्हिसा किंवा मास्टरकार्डचे कार्ड त्याला जोडा. यूपीआय इथे चालत नाही. कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून हे घरी बसून करणे सोपे. इथेही तो नंबर चालू ठेवा. २०० युआनपर्यंतच्या खर्चावर वेगळे शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागते. थोडे सुटे युआन जवळ असू द्या.

इंटरनेटसाठी भारतीय सिमचे रोमिंग किंवा भारतातूनच घेतलेले ई-सिम वापरा. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालते, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. पण गूगल नकाशावर विसंबू नका, इथे तो जागा चुकीच्या दाखवतो. गाओद नावाचे चिनी नकाशाचे अ‍ॅप आता इंग्रजीतही आहे. टॅक्सी अलीपेमधूनच ‘दीदी’ ही टॅक्सीसेवा उघडून बोलवा. चालकाचे निरोप आपोआप भाषांतरित होऊन येतात.

पॉवरबँक नीट पाहून घ्या. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ ही चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवरबँक नेऊ देत नाहीत, सुरक्षा तपासणीतच काढून घेतात. भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ही खूण नसते.

हॉटेल बुक करण्याआधी ते परदेशी पाहुणे घेतात ना, एवढे विचारा. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद तेच करतात. कुणाच्या घरी राहिलात तर २४ तासांत ती तुम्हाला करावी लागते.

नाशिकची भटकी:

मी आईवडिलांना घेऊन गेले होते, त्यामुळे गुडघ्यांचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

सैनिकांच्या संग्रहालयाला आपले आपण जाणे अवघड नाही. मेट्रोच्या ९ नंबरच्या मार्गाने हुआछिंगछर स्थानकावर उतरायचे, तिथून बस किंवा टॅक्सी. रेल्वे स्टेशनबाहेर ‘टेराकोटा, टेराकोटा’ म्हणत मागे लागणाऱ्यांच्या गाडीत बसू नका; भलत्याच नकली प्रदर्शनात नेऊन सोडतात. तिकीट १२० युआन, पासपोर्ट क्रमांक देऊन आधी काढायचे. आत खूप चालावे लागते, काकूंसाठी बॅटरीची गाडी नक्की घ्या. आम्ही आधी ३ आणि २ नंबरचे उत्खननाचे खंदक पाहिले आणि १ नंबरचा शेवटी. तसेच करा. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना जे सापडले त्याचा आवाका त्या शेवटच्या दालनात गेल्यावरच कळतो.

शान्शी इतिहास संग्रहालय सोमवारी बंद असते आणि तिकिटे खुली झाली की भराभर संपतात. त्याची तारीख आधी पक्की करा आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा.

जेवणाचे सांगते. मुस्लिम मोहल्ल्यात डुकराचे मांस नसते, पण मटण जागोजागी. तरी योफोम्येन मागा: रुंद नूडल्स, वर तिखट, त्यावर कडकडीत तेल ओतलेले. लियांगफी हा थंड नूडल्सचा प्रकारही बहुतेक ठिकाणी बिनमांसाचा मिळतो. ‘मांस, मासे, अंडे, मांसाचा रस्सा आणि चरबी नको’ असे चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दरवेळी दाखवा. नुसते ‘शाकाहारी’ म्हटले तर रस्सा मांसाचाच असू शकतो. आगगाडीत आणि मोठ्या स्थानकांवर उकळते पाणी फुकट असते, त्यामुळे झटपट उपम्याची पाकिटे फार कामाला आली.

सार्वजनिक स्वच्छतागृहांत बहुतेक भारतीय पद्धतीचे संडास असतात. कमोड हवा तर अपंगांसाठीचे दार शोधा. कागद स्वतःचा न्या.

शहराभोवतीची तटबंदी चुकवू नका. मिंग घराण्याच्या काळातली, जवळजवळ १४ किलोमीटरचा पूर्ण फेरा, वरचा रस्ता इतका रुंद की लोक सायकली चालवतात. काकूंसाठी तिथेही बॅटरीची गाडी आहे.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार! पॉवरबँकेचे तर कुठेच वाचले नव्हते. पॅगोडाचे मात्र राहिले.

शांघायकर:

हो, ते राहूनच गेले. लिफ्ट नाही. सात मजले, आत लाकडी जिना, वर चढायचे तिकीटही वेगळे. काकूंना चढवू नका. खाली दात्सिअन मंदिराच्या आवारात निवांत बसता येते. ह्युएनत्संगाने पोथ्यांच्या भाषांतराचे काम तिथेही चालवले. दक्षिणेकडच्या चौकात त्याचा मोठा पुतळा आहे.

आणि खरे तर काकूंना शिंगज्याओ मंदिरात न्या. शहराच्या दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर आहे, सहलींच्या गाड्या तिकडे सहसा वळत नाहीत. ६६९ साली ह्युएनत्संगाचे अवशेष तिथे हलवले आणि त्यावर पॅगोडा बांधला. दोन्ही बाजूंना त्याच्या दोन शिष्यांचे छोटे पॅगोडे आहेत. दीदीने जा, पण परतताना त्या भागात गाडी चटकन मिळत नाही, म्हणून आणलेल्या चालकालाच थांबायला सांगा आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवून घ्या.