लहानपणी मज्जारज्जूला इजा झालेलं मूल मोठं झाल्यावर पुढे काय?

अबोली

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. पाच वर्षांची असताना गाडीच्या अपघातात तिच्या मज्जारज्जूला टी-५ पातळीवर, म्हणजे छातीच्या बारा मणक्यांपैकी वरून पाचव्यापाशी, इजा झाली. छातीखाली संवेदना नाही, हालचाल नाही. हात उत्तम आहेत. शाळा, मैत्रिणी, चित्रकला सगळं चालू आहे, आणि व्हीलचेअर तर ती माझ्या चालण्यापेक्षा वेगात पळवते.

इतकी वर्षं आम्ही पुढच्या सहा महिन्यांपलीकडे पाहिलंच नाही. ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा), फिजिओ, लघवीचं इन्फेक्शन, पुन्हा ब्रेस. परवा कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालत असताना तिने विचारलं, "आई, मी मोठी झाल्यावर हे कोण करणार?" मी म्हटलं, "मी आहे ना." ती गप्प झाली, पण ते उत्तर तिला हवं असलेलं नव्हतं एवढं मला कळलं.

वाचायला जे मिळतं ते बहुतेक मोठेपणी अपघात झालेल्यांचं असतं. आधीचं आयुष्य, ते गेल्याचं दुःख, पुन्हा उभारी. माझ्या लेकीला चालल्याचं जेमतेम आठवतं. लहानपणी इजा होऊन आज तिशी-चाळिशीत असलेलं इथे कोणी आहे का? नोकरी, लग्न, मूल, तब्येत, एकटं राहणं, कशाची कितपत अपेक्षा धरायची? आणि आत्ताच करायला हवं, नंतर जमणार नाही, असं काय असतं?

कवडसा

अबोलीताई, मी ३९ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी इजा, टी-४. म्हणजे तुमच्या लेकीच्या अगदी शेजारची. माझ्या एक्स-रेमध्ये एकही मणका मोडलेला दिसला नव्हता. लहान मुलांचा कणा लवचिक असतो, तो ताणला जाऊन परत जागेवर येतो, पण आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही. १९८२ साली डॉक्टरांनी या प्रकाराला वेगळं नावही दिलं. तोवर अशा मुलांना "हाड तर शाबूत आहे" असं सांगितलं जाई.

आधी लेकीच्या प्रश्नाचं बोलू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. "हे कोण करणार?" तर तीच करणार. हात चांगले आहेत, वय तेरा आहे, आता शिकायलाच हवं. मला नर्सने शिकवलं, आईने नाही, आणि ते फार बरं झालं. आईसमोर मी रडून काम तिच्यावर ढकललं असतं. सुरुवातीला गुडघ्यांच्या मधे आरसा ठेवून, मग आरशाशिवाय, डाव्या हाताच्या बोटाने जागा चाचपून. हात साबणाने स्वच्छ धुतलेले असले की पुरतं, ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही. हे १९७२ साली लॅपिडीस नावाच्या युरोलॉजिस्टने दाखवून दिलं आणि त्यामुळे आपल्यासारख्यांना घराबाहेर पडता आलं. दर चार ते सहा तासांनी मूत्राशय रिकामं करायचं, मग शाळा असो की सहल.

मुलींना यात एक जास्तीची अडचण असते. दर वेळी कमोडवर किंवा पलंगावर जा, कपडे उतरवा, पाय बाजूला करा. यावर एक ऑपरेशन आहे, मित्रोफानॉफ. त्याच नावाच्या फ्रेंच सर्जनने १९८० मध्ये ते मांडलं. अपेंडिक्सची नळी वापरून मूत्राशयापासून बेंबीपर्यंत वाट करतात. मला सोळाव्या वर्षी हे करून मिळालं. तेव्हापासून चेअरवर बसल्या बसल्या शर्टाचं एक बटण काढते, बेंबीतून कॅथेटर घालते, पिशवीत किंवा कमोडमध्ये लघवी सोडते, बटण लावते. कॉलेज, ऑफिस, विमानप्रवास सगळं त्या एका बटणावर चाललं आहे. त्याच्याही कटकटी असतात. बेंबीतल्या त्या वाटेचं तोंड आवळून येणं ही नेहमीची तक्रार, माझंही पुन्हा रुंद करून घ्यावं लागलं. तरी युरोलॉजिस्टना विचाराच, आणि विचारताना लेक खोलीत असू द्या.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. इजा टी-६ किंवा त्याच्या वर असली की ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा, म्हणजे रक्तदाब एकाएकी भडकण्याचा, धोका असतो. तुम्हाला माहीत असेलच, पण लेकीला स्वतःच्या तोंडाने ते सांगता येतं का? मूत्राशय तुडुंब भरलं, पोट साफ नाही, पायाचं नख आत रुतलंय, असं खाली काहीही झालं तर आपल्याला ते जाणवत नाही, पण शरीर रक्तदाब चढवून कळवतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम फुटतो, अंगावर काटा येतो. माझा रोजचा वरचा रक्तदाब ९५ च्या आसपास असतो. एका इमर्जन्सी वॉर्डात तो १४० भरला तेव्हा ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "थोडा वाढलाय, घाबरल्यामुळे असेल, आडव्या व्हा." आडवं झाल्यावर तो आणखी चढतो. मी तिथेच सांगितलं, आडवी होणार नाही, मला ताठ बसवा, पाय खाली सोडा, कमरेचं सगळं सैल करा आणि आधी मूत्राशय बघा. माझ्या पाकिटात हे लिहिलेलं कार्ड असतं, ते हातात दिलं. मूत्राशय रिकामं झालं आणि काही मिनिटांत दाब उतरला. त्या खोलीत याबद्दल सगळ्यांत जास्त माहिती मला होती. तुमच्या लेकीवरही अशी वेळ येईल आणि तेव्हा तुम्ही शेजारी असालच असं नाही. मुलांच्या बाबतीत तर नेहमीपेक्षा १५ ने वाढलेला दाबही गंभीर धरतात. म्हणून तिचा रोजचा आकडा तिला पाठ हवा.

आता शरीराचं. वाढीच्या वयाआधी इजा झाली की पाठीला बाक येतोच, जवळजवळ सगळ्यांना येतो, आणि बऱ्याच जणांना ऑपरेशन करून पाठीत धातूचे रॉड घालावे लागतात. तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, तेव्हा एक्स-रे चुकवू नका. कंबरेचे सांधेही निखळू शकतात. पाय वापरात नसल्याने हाडं ठिसूळ होतात. माझं मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं ते साधं पलंगावरून चेअरवर येताना. दुखलं काहीच नाही, फक्त गुडघा गरम लागला आणि संध्याकाळी पँट तिथे घट्ट झाली. पाय अचानक सुजला, गरम झाला की एक्स-रे काढायचा, हे तिला आत्तापासून माहीत असू दे. रक्ताची गाठ असली तरीही पाय असाच सुजतो, त्यामुळे थांबायचं नाही.

आणि खांदे! यावर मला तळमळीने सांगायचं आहे. मोठेपणी इजा झालेला माणूस चाळिशीत येतो तेव्हा त्याच्या खांद्यांनी दहा-पंधरा वर्षं चेअर ढकललेली असते, माझ्या खांद्यांनी तेहतीस. खांद्याचा सांधा हात सगळीकडे पोचावा म्हणून आहे, अंगाचं वजन पेलण्यासाठी नाही. आज उजवा हात डोक्याच्या वर न्यायला मला त्रास होतो आणि लांबच्या अंतराला मी मोटरची मदत देणारी चाकं लावते. तेराव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा गोष्टी: चेअर जितकी हलकी तितकी चांगली, चाकाचा आस खांद्याच्या रेषेत, ढकलताना छोटे छोटे झटके न देता लांब आणि संथ हात. ट्रान्सफर करताना, म्हणजे चेअरवरून पलंगावर वगैरे सरकताना, दोन्ही जागा शक्यतो एका उंचीच्या. पॉवरचेअर (मोटरवर चालणारी चेअर) घेणं म्हणजे हार, असं तिच्यासमोर घरात कोणीही कधीही म्हणू नये.

नोकरी: मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. साइटवर जाते, जिथे चेअर जात नाही तिथले फोटो आणि मापं सहकारी आणतात. लग्न झालंय. मूलही आहे. बायकांच्या गर्भधारणेच्या क्षमतेवर या इजेचा सहसा परिणाम होत नाही, हे लेकीला पाळी सुरू होतानाच सांगा, नाहीतर ती मनातल्या मनात ते दार बंद करून टाकते. टी-१० च्या वर इजा असली की कळा नेहमीसारख्या जाणवत नाहीत, त्यामुळे शेवटी तपासण्या वारंवार होतात. आणि कळांमुळेही डिसरिफ्लेक्सिया होतो, म्हणून एपिड्युरल (पाठीतून द्यायची भूल) लवकर देतात. माझं सिझेरियन झालं तेव्हा बेंबीकडची वाट कापली जाऊ नये म्हणून युरोलॉजिस्ट शेजारी उभे होते.

दुःखाचं तुम्ही अचूक लिहिलंय. मला चालणं आठवत नाही, त्यामुळे ते गेल्याचं दुःखही नाही. मला राग आला तो पंधराव्या वर्षी, जेव्हा मैत्रिणी आयांना न सांगता कुठेकुठे जायला लागल्या आणि मला मात्र कुणीतरी मोठं माणूस बरोबर लागायचं. चालता येत नाही म्हणून नाही, लघवीला जाता येत नाही म्हणून.

दीपमाळ

माझी इजा चौदाव्या वर्षी, टी-१०, आता ४४. कवडसा यांनी सगळं लिहिलंय, मी फक्त पोटाचं लिहितो कारण ते कोणी लिहीत नाही. कॅथेटर चुकलं तर तासाचा प्रश्न असतो, पोटाचं वेळापत्रक चुकलं तर नोकरीचा. रोज किंवा दिवसाआड, ठरलेली एकच वेळ, खाल्ल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलायला लागतं. सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी), मग ग्लोव्ह घालून बोटाने उत्तेजन. हेही तिने स्वतः करायचं. मी सकाळी पाचला उठतो ते यासाठी आणि ऑफिसात दिवसभर निर्धास्त असतो.

आणखी एक. वीसेक वर्षांनी माझ्या एका हाताला गरम-गार कळेनासं झालं. एमआरआयमध्ये मज्जारज्जूत पाण्याची पोकळी सापडली, सिरिंक्स म्हणतात. इजा जुनी झाली म्हणजे ती तिथेच थांबली असं नसतं. वरच्या भागात काहीही नवीन जाणवलं, बधिरता, दुखणं, अशक्तपणा, तर ते लगेच दाखवायचं.

खेळाच्या तासाला तिला कडेला बसवत असतील तर तेवढं बदलून घ्या. शांताल पेतिक्लेर ही कॅनडाची खेळाडू. तेराव्याच वर्षी जड दार अंगावर पडून तिचे पाय गेले. इतर मुलं खेळत असताना शाळेतल्या शिक्षकाने तिला पोहायला शिकवलं, पुढे ती व्हीलचेअर रेसिंगकडे वळली. २००४ आणि २००८ च्या पॅरालिंपिकमध्ये पाच-पाच सुवर्णपदकं जिंकली आणि २०१६ मध्ये सिनेटर झाली. सगळ्यांनी पदकं आणावीत असं मुळीच नाही. पण त्या वयात हातांना आणि छातीला ताकद आली की ती आयुष्यभर ट्रान्सफरला कामी येते.

सातबाबा

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, इजा टी-१२. वाचून थोडं अस्वस्थ वाटलं. शाळा, अभ्यास, ऑपरेशनं, त्यात शरीराची ही सगळी जबाबदारीही मुलांवरच? आम्ही आहोत तोवर त्यांना थोडं मूल राहू द्यायला काय हरकत आहे?

कवडसा

तुमची काळजी समजते, आणि तिच्यामागचं प्रेमही. सगळं एकदम द्या असं मी म्हणत नाही. माझ्या वडिलांनी आधी फक्त घड्याळ माझ्याकडे दिलं: लघवीची वेळ झाली हे सांगणं माझं काम, करणं त्यांचं आणि आईचं. मग सामानाची बॅग भरणं माझ्याकडे आलं. मग रात्री आरशात टाचा आणि बसायची हाडं बघणं: लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा, दाबल्यावर पांढरा पडला नाही तर लाली जाईपर्यंत त्या जागेवर वजन द्यायचं नाही. कॅथेटर सगळ्यांत शेवटी. यात काही वर्षं गेली. पण मूल राहणं म्हणजे काय, तर मला मैत्रिणीकडे रात्री राहायला जाता आलं. ते मला स्वतःचं स्वतः येत होतं म्हणून.

अबोली

दोघांचेही आभार कसे मानू कळत नाही. घड्याळाची कल्पना तिला आवडली आहे. एक विचारते: डॉक्टर प्रश्न तिला विचारतात आणि उत्तर मी देते, ही सवय मोडायची कशी? आणि बेंबीच्या वाटेचं तिला मी वाचून दाखवलं, तर तिचा पहिला प्रश्न: "मग पोहता येतं का?"

कवडसा

पोहता येतं. टाके भरले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की पाण्यात जायचं. आत झडपेसारखी रचना असते, त्यामुळे पाणी आत जात नाही. मी पोहते, वर काही चिकटवत नाही. आधी मूत्राशय रिकामं करायचं एवढंच.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तिने तिचे तीन प्रश्न कागदावर लिहायचे आणि पहिली दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसायचं. डॉक्टरांना आधी फोन करून तसं सांगून ठेवा, बहुतेक जण आनंदाने ऐकतात. साधारण अठराव्या वर्षी मुलांच्या डॉक्टरांकडची फाइल बंद होते आणि मोठ्यांच्या दवाखान्यात तुम्हाला कोणी काही विचारत नाही, तिलाच विचारतात.

आणि तुम्ही विचारलं होतं ना, नंतर जमत नाही असं काय? जुने कागद. सगळ्या ऑपरेशनची टिपणं, रॉड कोणत्या धातूचे आहेत ते, कारण पुढे प्रत्येक एमआरआयच्या वेळी विचारतात. मूत्राशयाच्या दाबाची तपासणी, किडनीच्या सगळ्या सोनोग्राफी, मूळ इजेचे फोटो. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर तीही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, वारंवार कॅथेटर आणि ऑपरेशनं झालेल्या मुलांमध्ये ती जास्त दिसते. माझे बालपणीचे निम्मे कागद मला मिळालेच नाहीत, हॉस्पिटलने ते केव्हाच नष्ट केले होते. या सुट्टीत तिलाच बरोबर घेऊन अर्ज करा, सही तुमची आणि अक्षर तिचं. तिचे आणखी प्रश्न असतील तर तिच्याच शब्दांत इथे टाका.