मदत हवी आहे: एशियन दुकानातल्या डब्यावर जुनी तारीख, वापरू का फेकू?

घाईगर्दी: लवकर सांगा प्लीज. जवळच्या एशियन किराणा दुकानातून डबा आणला. घरी येऊन बघते तर तारीख केव्हाच उलटून गेलेली, तीही थोडीथोडकी नाही, कित्येक वर्षांनी. दुकान आता बंद झालंय. वास बरा येतोय. वापरू का फेकू? रात्री माणसं जेवायला आहेत.

काठावरचा: कसला डबा?

उगाचच: या दुकानांचं हेच असतं. जुना माल पुढे, ताजा मागे. मी नेहमी मागे हात घालूनच काढतो. आणि तिथले मासे तर अजिबात घेऊ नका.

तिखटमीठ: मासे मध्येच कुठून आले? ताई, डबा कसला, कुठल्या देशाचा आणि तारीख कशी छापलीये? आकडे आहेत तसेच्या तसे लिहा.

घाईगर्दी: लाल डबा असतो ना, तो. तारीख २०११ ची आहे.

काठावरचा: "लाल डबा असतो तो" यावरून ओळखायला आम्ही ज्योतिषी आहोत का?

घाईगर्दी: अहो गोचुजांग! कोरियन मिरची पेस्ट.

सुगरणीचा_नवरा: गोचुजांग आंबवलेलंच असतं, एवढं घाबरू नका. वरचा थर काळपट पडला तरी बिघडत नाही, हवा लागली की रंग गडद होतो. बुरशी मात्र असेल तर सरळ फेकून द्या. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि चमचा कोरडा हवा. आमच्याकडे तर मी मिसोत, म्हणजे जपानी सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टमध्ये, तिखट आणि साखर कालवून काम भागवतो, कुणाला फरक कळत नाही.

काठावरचा: खाणाऱ्याला कळतो, बोलत नसतील.

तिखटमीठ: आकडे!!

घाईगर्दी: २७.०३.११. सत्तावीस मार्च दोन हजार अकरा. अजून काय सांगू?

तिखटमीठ: झालं मग. कोरियात आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. ११ मार्च २०२७. डबा चांगला आहे, बिनधास्त वापरा. चीन आणि जपानमध्येही हाच क्रम असतो.

उगाचच: हे कशावरून? चिनी नूडल्सच्या पाकिटावर बनवल्याची तारीख असते, संपायची नाही. ही पण तसलीच असेल.

पाचवा_मजला: चिनी मालाबद्दल बरोबर आहे. त्यावर बऱ्याचदा उत्पादनाची तारीख एकीकडे आणि "१२ महिने", "१८ महिने" अशी मुदत दुसरीकडेच असते, बेरीज आपण करायची. पण इथे वर्ष २०२७ आहे. पुढच्या वर्षी बनवलेला डबा या वर्षी दुकानात कसा येईल? खरा घोळ होतो तो २५.११.०८ सारख्या तारखेत, कारण ती बनवल्याची म्हणा की संपायची, दोन्ही खरं वाटतं. तैवानच्या मालावर कधी कधी त्यांचं स्वतःचं वर्ष असतं, त्यात १९११ मिळवायचे. ११४ दिसलं तर २०२५.

घाईगर्दी: मग नीट लिहायला काय होतं यांना! बरं, आता दुसरं. घटकांची यादी आयातदाराच्या स्टिकरखाली गेलीये. स्टिकरवर नुसतं "मिरची पेस्ट" लिहिलंय. त्यात गहू असतो का?

काठावरचा: हे आता विचारताय? का?

घाईगर्दी: येणाऱ्यांपैकी एकीला गहू चालत नाही.

उगाचच: त्यात ग्लूटिनस राइस असतो, म्हणजे ग्लूटेन, ते गव्हातलं प्रथिन, आलंच की.

पाचवा_मजला: नाही हो. तो चिकट तांदूळ, त्यात ग्लूटेन नसतं. पण कारखान्यात बनवलेल्या बऱ्याच गोचुजांगमध्ये गहू असतोच. स्टिकर कोपऱ्यातून हळूच उचला. यादीच्या जवळ वेगळ्या चौकटीत अ‍ॅलर्जीचे पदार्थ दिलेले असतात. त्यावर मोबाइलचा भाषांतरवाला कॅमेरा धरा.

उगाचच: त्यापेक्षा अजिनोमोटो आहे का ते बघा. खरं विष ते.

काठावरचा: आला अजिनोमोटो. इकेदा या जपानी प्राध्यापकाने १९०८ साली कोम्बू नावाच्या समुद्री शैवालातून ग्लूटामेट, म्हणजे अजिनोमोटोतलं मूळ द्रव्य, वेगळं काढलं. तेच टोमॅटोत आहे, मशरूममध्ये आहे. टोमॅटो सोडलेत का तुम्ही?

उगाचच: मला खाल्लं की डोकं दुखतं, हे मी सांगतोय. तुमचे प्राध्यापक राहू द्या.

तिखटमीठ: हा वाद वेगळ्या धाग्यावर काढा रे. ताई, स्टिकरचं काय झालं?

घाईगर्दी: निघालं, अर्धं फाटून. कॅमेरा म्हणतो गहू आणि सोयाबीन. आता काय? सॉस तर करायचाच आहे. सोया सॉस आहे घरात, तो टाकू?

तिखटमीठ: थांबा! साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो, जपानी पद्धतीच्या तर हमखास. तामारी, तो शक्यतो बिनगव्हाचा सोया सॉस, आहे का?

सुगरणीचा_नवरा: मी म्हणालो होतोच, मिसो.

पाचवा_मजला: मिसो पण बघूनच. मुगी मिसोत जव असतो, त्यातही ग्लूटेन असतं, तो तिला चालेलच असं नाही. तामारीतही थोडा गहू घालणारे आहेत, बाटलीवर ग्लूटेनमुक्त लिहिलेलं असेल तरच घ्या. आणि तिला अ‍ॅलर्जी आहे, सिलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) आहे की नुसतंच टाळते?

घाईगर्दी: सिलिअ‍ॅक. तामारी नाही. मिसोही नाही. दुकान बंद आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलंय.

काठावरचा: पहिल्या नाही, चौथ्या.

तिखटमीठ: मग तिच्यासाठी सोया काहीच नको. लाल तिखट, लसूण, मीठ, साखर, थोडं साधं व्हिनेगर आणि तिळाचं तेल. गोचुजांगची चव येणार नाही, पण खाता येईल. तिचं आधी करा, स्वच्छ घासलेल्या वेगळ्या कढईत. झारा, चमचा, भाजी चिरायचा पाट, सगळं वेगळं. तुमच्या लाल डब्याला तिचं ताट वाढून होईपर्यंत हातच लावू नका.

घाईगर्दी: माल्ट व्हिनेगर आहे.

पाचवा_मजला: तो जवाचा. लिंबू पिळा.